रूम पार्टनरची पोस्ट निघाली, माझी राहिली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सहा वर्षं मी पुण्यात राज्यसेवेची, म्हणजे महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची, तयारी केली. मुख्य परीक्षा तीनदा दिली, एकदा मुलाखतीपर्यंत पोचले, शेवटच्या यादीत नाव मात्र कधी लागलं नाही. आता तालुक्याच्या गावी मुलींची अभ्यासिका चालवते. आयोगाचा निकाल लागला की पुढचे आठ-दहा दिवस माझ्या टेबलापाशी कुणी ना कुणी घुटमळत असतं. ‘ताई, दोन मिनिटं बोलायचं होतं’ म्हणतात आणि आधी दार लोटून घेतात. विषय अभ्यासाचा नसतो. मैत्रिणीचं, भावाचं, मावसबहिणीचं नाव निवडयादीत लागलेलं असतं, आमच्या भाषेत ‘पोस्ट निघालेली’ असते, आणि ते सहन होत नसतं. हे बोलायची आपल्याकडे फार लाज वाटते, म्हणून हे प्रश्न एका जागी लिहून ठेवतेय. मुलांचेही फोन येतात, त्यांचे प्रश्नही यात आहेत.

मैत्रिणीची पोस्ट निघाली आणि मला आनंद झालाच नाही. मी इतकी वाईट आहे का?

नाही. माझंच सांगते. नव्या पेठेत आम्ही तिघी एका खोलीत कॉट बेसिसवर, म्हणजे एकेका खाटेचं भाडं देऊन, राहायचो. रात्री पावणेदहाच्या सुमाराला यादी आली. तिचं नाव पहिल्या दोन-तीन पानांतच होतं. ती ओरडली, रडली, माझ्या गळ्यात पडली. मी एका हाताने तिच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि दुसऱ्या हाताने मोबाइलवर माझा बैठक क्रमांक टाकत होते. सापडला नाही. एखादा आकडा चुकला असेल म्हणून पुन्हा टाकला. मग तिसऱ्यांदा. खालच्या मेसवाल्या काकूंनी पेढे आणले. मी एक उचलला, तोंडापर्यंत नेला, पण घास उतरेना. कागदी रुमालात गुंडाळून कुर्त्याच्या खिशात टाकला. चार दिवसांनी कपडे भिजवताना तो हाताला लागला. खिसा सगळा तुपकट झाला होता.

तेव्हा वाटलं होतं, केवढं विष भरलंय आपल्यात. पुष्कळ उशिरा लक्षात आलं की त्या रात्री त्या खोलीत दोन बातम्या आल्या होत्या. तिचं नाव लागल्याची एक आणि माझं वर्ष गेल्याची दुसरी. दोन्ही एकाच वेळी, एकाच पीडीएफमधून आल्या आणि मी त्यांची गाठ मारून टाकली. तिचं नाव लागलं नसतं तरी माझं लागलेलं नव्हतंच. मला रडायचं होतं माझ्या वर्षासाठी, पण डोळ्यांसमोर होता तिचा आनंद, म्हणून रडण्याचं कारणही तोच वाटला.

आधी ही गाठ सोडवा. गेलेल्या वर्षाचं दुःख त्याच्या स्वतःच्या नावाने करा. ज्यांच्यापुढे रडायला संकोच वाटत नाही अशा कुणाकडे तरी जा आणि सरळ म्हणा, ‘माझी राहिली, मला फार वाईट वाटतंय.’ त्यात मैत्रिणीचं नाव आणू नका. एक-दोन दिवस हे मनसोक्त झालं की मग बघा, तिच्याबद्दलची जळजळ किती शिल्लक आहे. माझ्याकडे येणाऱ्या मुलींचं तरी असं होतं की ती वाटली होती त्यापेक्षा बरीच कमी उरते.

राज्यात पहिली आलेल्या मुलीचं कौतुक वाटतं, पण शेजारच्या खुर्चीवरच्या मुलीचं बघवत नाही. असं का?

कारण पहिली आलेली मुलगी आपल्या मापातच नसते. लिऑन फेस्टिंजर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये हे मांडलं होतं. आपण कुठे उभे आहोत हे कळायला दुसरी काही मोजपट्टी नसली की माणूस दुसऱ्या माणसालाच मोजपट्टी करतो, आणि त्यासाठी निवडतो तोही आपल्यासारखाच, आपल्या जवळपासचा. अभ्यासिकेत दुसरं काय असतं? दोघींना एकाच मेसचा डबा, एकच टेस्ट सिरीज, तिची वही आपण झेरॉक्स केलेली, आपली तिने. पहाटे तिला उठवायलाही आपणच गेलेलो.

त्यात गुणांचं गणित बघा. पूर्वपरीक्षेच्या पहिल्या पेपरला १०० प्रश्न आणि २०० गुण. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या एक चतुर्थांश गुण कापले जातात, म्हणजे अर्धा गुण. दोन पर्यायांत मन अडकलं आणि चुकीचा गोळा रंगवला, की मिळाले असते ते दोन गेले आणि पदरचा अर्धाही गेला. अडीच गुण. कट-ऑफच्या काठावर एवढ्यात माणूस आत किंवा बाहेर होतो. म्हणून ‘तिच्या जागी मी असते’ हे चित्र डोळ्यांपुढे इतकं लख्ख उभं राहतं. राज्यात पहिल्या आलेल्या मुलीच्या जागी आपण, हे चित्र मनात उमटतच नाही.

हेवा, मत्सर, असूया हे सगळं एकच ना?

नाही, आणि आपल्या बोलण्यात हा फरक कधीचाच आहे. ‘मला तुझा हेवा वाटतो गं’ हे आपण तिच्या तोंडावर, हसत म्हणतो. ‘मला तुझा मत्सर वाटतो’ असं कुणी कुणाला म्हणत नाही. डच भाषेतही असेच दोन वेगळे शब्द आहेत. तिथल्या संशोधकांनी २००९ मध्ये या दोन भावना तपासल्या आणि त्यांची ओढच वेगवेगळ्या दिशांना असते असं दाखवलं. एकीत माणूस स्वतः वर चढायला बघतो, दुसरीत समोरच्याला खाली खेचायला.

मी मुलींना एक प्रश्न स्वतःलाच विचारायला सांगते, तोही एकटीने, कारण दुसऱ्यासमोर खरं उत्तर येत नाही. ‘उद्या तिची निवड रद्द झाली, तर मला बरं वाटेल का?’ ‘नको, तिची राहू दे, मलाही हवी’ असं उत्तर आलं तर तो हेवा. त्याला घाबरू नका. ‘हो’ असं आलं तर तो मत्सर. तोही माणसांनाच होतो, षड्रिपूंत त्याचं नाव उगाच नाही. पण ‘हो’ आलं असेल तर एक पथ्य कडक पाळा. काही दिवस तिच्याबद्दल कुणाशीही बोलू नका. मत्सराच्या भरात तोंडातून निघतं, ‘तिचे मामा मंत्रालयात आहेत म्हणे.’ चहाच्या टपरीवरून ते वाक्य संध्याकाळपर्यंत तिच्या कानावर जातं, आणि तिथून मैत्री पुन्हा उभी करणं फार अवघड होतं. मनात काय येतं त्यावर आपला ताबा नसतो. तोंडावर असतो.

मनातून आनंद नसताना अभिनंदन करणं म्हणजे खोटेपणा नाही का?

मला तसं वाटत नाही. घरात कुणी आजारी असलं तरी आपण दारी आलेल्या पाहुण्याला पाणी देतोच, ते नाटक नसतं. अभिनंदन हा तिचा हक्क आहे. आपल्याला त्या क्षणी काय वाटतंय यावर तो अवलंबून ठेवू नये.

पण खोटं बोलायचीही गरज नाही. ‘मला तुझ्यापेक्षा जास्त आनंद झालाय’ असलं काही लिहू नका, तिला ते कळतं. जे खरं आहे तेवढंच लिहा. खरं काय आहे? तिने कष्ट केलेत, ते तुम्ही पाहिलेत. मग तेच लिहा. ‘अभिनंदन. तू पहाटे पाचला अलार्मच्या आधी उठायचीस ते मी रोज पाहिलंय. ही पोस्ट तुझ्या कष्टाची आहे. मला सावरायला थोडे दिवस लागतील, मग भेटायला येते.’ यातला एक शब्दही खोटा नाही. शेवटचं वाक्य लिहायला धीर लागतो, पण त्याने दोघींचंही ओझं उतरतं. तुम्ही दिसला नाहीत तर ती मनात काहीबाही रचत बसत नाही.

मेसेज त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी जाऊ द्या. प्रत्यक्ष भेट आठ-दहा दिवसांनी झाली तरी चालते. महिना गेला की मात्र भेटणंच अवघड होऊन बसतं, कारण मग आधी उशिराची सफाई द्यावी लागते. आणि ‘लकी आहेस बाई’ हे कृपा करून म्हणू नका. वर्षानुवर्षं रात्री जागलेल्या माणसाला ते लागतं.

सत्काराला, मिरवणुकीला जावं का?

झेपत असेल तर जा. नसेल तर जाऊ नका. गुलाल, हलगी, एसटी स्टँडसमोरचा फ्लेक्स, व्यासपीठावर सरपंचांच्या शेजारी तिचे आईवडील, हे सगळं जवळून बघायला मन घट्ट लागतं. मी गेले नव्हते. दुसऱ्या आठवड्यात तिच्या घरी गेले, तिच्या आईच्या हातची भाकरी खाऊन आले. मला तेवढंच जमण्यासारखं होतं.

तिने माझ्याच नोट्सवर अभ्यास केला. पोस्ट तिची निघाली आणि सत्काराच्या भाषणात माझं नावही घेतलं नाही.

हे लागणारच. पण इथे दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्यात, त्या सुट्या करू या.

नोट्स दिल्या याचा पश्चात्ताप करू नका. तुमच्याकडे त्या होत्याच, तिने वाचल्या म्हणून तुमच्या वहीतून काही कमी झालं नाही. शिवाय मांडणी तुमची असली तरी पेपरात उत्तर तिलाच लिहायचं होतं. नाव न घेतल्याची गोष्ट वेगळी. ती मत्सराची नाही, ती साधी, रास्त तक्रार आहे, आणि तक्रार असते सांगण्यासाठी. महिना-दोन महिन्यांनी, सगळं निवल्यावर, दोघीच असताना सांगा, ‘तू माझं नाव घेतलं असतंस तर मला बरं वाटलं असतं.’ पुष्कळदा व्यासपीठावर चढल्यावर माणूस बावरतो आणि क्लासच्या सरांचं नाव घेतो, जे समोर बसलेले असतात. कधी कधी समोरची व्यक्ती खरोखर कृतघ्नही असते. कोणतं खरं हे विचारल्याशिवाय कळत नाही. न विचारता मनात ठेवलेली तक्रार मात्र हळूहळू मत्सर होऊन बसते, हे मी पुष्कळ जणींत पाहिलंय.

माझ्यापेक्षा कमी गुण असून तिला पोस्ट मिळाली, तिच्या प्रवर्गाचा कट-ऑफ खाली होता. हा राग तरी बरोबर आहे ना?

या प्रश्नावर मी नेहमी थोडी कठोर होते.

कट-ऑफ प्रवर्गानुसार लागतो हे फॉर्म भरतानाच माहीत होतं. सामाजिक आरक्षण आहे आणि समांतर, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आतलं, आरक्षणही आहे. महिलांना ३० टक्के, खेळाडूंना ५, दिव्यांगांना ४, अनाथांना १ टक्का. हा राग घेऊन माझ्यासमोर बसलेली मुलगी बहुतेक वेळा स्वतः महिलांच्या राखीव जागेसाठी अर्ज भरत असते. एखादा मुलगा तिच्याबद्दल हेच म्हणत असेल का, एवढा विचार तिने करून बघावा असं मला वाटतं. आरक्षणाच्या धोरणाबद्दल प्रत्येकाचं मत असू शकतं, त्यावर वाद घालायला जागाही आहेत. पण निकालाच्या रात्री एका मैत्रिणीकडे बोट दाखवून मांडलेलं मत हे धोरणाबद्दलचं मत नसतं. ते आपलं दुखणं असतं, त्याला फक्त एक तयार कारण सापडलेलं असतं. आणि ते तिच्या जातीवर जाऊन पोचलं की तुमच्या दोघींच्या भांडणापुरतं राहत नाही.

प्रमाणपत्रच खोटं असल्याचा ठोस पुरावा असेल तर तो मत्सर नाही. त्यासाठी आयोगाकडे लेखी तक्रार करता येते, माहितीचा अधिकार आहे. लेखी तक्रार करण्याइतका पुरावा नसेल तर तोंडीही बोलू नये.

मित्राची आधीच एक पोस्ट निघालेली आहे, आता दुसऱ्या यादीतही नाव आहे. त्याने एक सोडली असती तर माझा नंबर लागला असता. त्याला सांगणं चूक आहे का?

चूक नाही. इथे तुमचं खरंच काही अडलेलं आहे. यासाठीच आयोगाने भरतीप्रक्रियेतून बाहेर पडायचा पर्याय दिला आहे. ज्याला ‘ऑप्टिंग आउट’ म्हणतात तो. अंतिम शिफारशीच्या आधी ठरलेल्या मुदतीत उमेदवाराने ऑनलाइन नकार कळवला की त्याची जागा खालच्या उमेदवाराकडे येऊ शकते. मुदत थोडी असते, त्यामुळे बोलायचं तर लगेच बोला.

पण विनंती एकदाच करा, आणि स्पष्ट. ‘तू ही पोस्ट घेणार नसशील तर मुदतीत बाहेर पडशील का? माझा नंबर जवळ आहे.’ एवढंच. त्याच्याही मनात हिशेब असतात. पहिल्या पदाची नियुक्ती अजून हातात नसेल तर तो बिचकतो, आणि ते बिचकणं अनाठायी नसतं. २०१९ च्या राज्यसेवेतून निवडलेल्या ४१३ जणांचा निकाल जून २०२० मध्ये लागला आणि वर्ष उलटलं तरी ते नियुक्तीपत्राची वाट बघत होते. ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हातातला एक कागद पुरेसा वाटत नाही. त्याने नकार दिला तर तो निर्णय त्याचा. ग्रुपवर त्याचं नाव घेऊन मोहीम उघडू नका.

घरचे सतत तिच्याशी तुलना करतात. बाहेरचं एक वेळ झेपतं, घरचं झेपत नाही.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हा आहे.

एका मुलीची आई रोज रात्री फोनवर विचारायची, ‘जेवलीस का?’ निकालानंतर त्याच फोनवर म्हणाली, ‘तिच्या आईला आज बाजारात बघितलं. सगळे थांबून थांबून बोलत होते तिच्याशी.’ बस, एवढंच. टोमणा मारला नव्हता, रागावली नव्हती. मुलगी माझ्यासमोर तासभर रडली.

आईच्या त्या वाक्यात काय आहे ते नीट ऐका. हेवा आईलाही वाटतोय. शेताच्या तुकड्यावर, पतपेढीच्या कर्जावर तिने मुलीला पुण्यात ठेवलं. आत्या-मावशी दर दिवाळीला विचारतात, ‘झालं का हिचं काही?’ त्या बाजारात तीही उभी होती, आणि तिच्याशी कुणी थांबून बोललं नव्हतं. तुम्ही जे मैत्रिणीबद्दल भोगताय तेच आई मैत्रिणीच्या आईबद्दल भोगतेय. हे सांगितल्यावर ती मुलगी गप्प झाली. त्या रात्री तिने आईला फोन करून विचारलं, ‘तुला फार वाईट वाटलं का गं बाजारात?’ दोघी रडल्या, पण त्या दिवसापासून बाजाराच्या बातम्या बंद झाल्या.

सगळ्या घरांत हे चालत नाही, हेही सांगते. काही घरांत तुलना हे मुद्दाम वापरलेलं हत्यार असतं. मुलींच्या बाबतीत तर त्याच्यामागून लगेच ‘मग आता स्थळं बघायला लागू’ येतं. तिथे समजूत घालून उपयोग नसतो, तिथे तारीख द्यावी लागते. ‘या अमुक परीक्षेपर्यंत मी अभ्यास करणार, त्यानंतर आपण बसून बोलू, तोवर हा विषय नको.’ ती तारीख मग स्वतःही पाळावी लागते. वडील ऐकत नसतील तर काका, मामा, शाळेतले जुने गुरुजी, ज्यांचा शब्द घरात चालतो त्यांना मध्ये घ्या. यात कमीपणा नाही.

तिचे स्टेटस, यशोगाथांचे व्हिडिओ बघवत नाहीत.

मग बघू नका. महिनाभर स्टेटस म्यूट करा, तिला कळतही नाही. यशोगाथांचे व्हिडिओ तर निकालानंतरचे दोन महिने कुणीच बघू नयेत असं माझं मत आहे. त्यातला अभ्यासाचा भाग दहा मिनिटांचा असतो, बाकीची पाऊणतासाची वेदना फुकट.

‘आता तिला दाखवूनच देते’ या जिद्दीने अभ्यास केला तर? हेव्याचा फायदाही होतो ना?

पंधरा दिवस होतो. पहाटे चारला उठवण्याची ताकद त्यात नक्की आहे. पण मग एक दिवस मन विचारतं, कुणाला दाखवायचंय? ती तर प्रशिक्षणाला गेली, तिचं इकडे लक्षही नाही. तिथे जिद्द खाली बसते आणि माणूस आधीपेक्षा जास्त रिकामा होतो.

माझी खरी भीती वेगळी आहे. हेव्याच्या भरात माणूस पुढचा अटेम्प्ट ठरवतो. माझा चौथा अटेम्प्ट मी असाच ठरवला होता. मला ते पद हवं होतं की तिच्या बरोबरीला यायचं होतं, हे मी स्वतःला विचारलंच नाही. त्या वर्षी माझ्यासमोर एक बरी शिक्षकाची नोकरी होती, ती मी सोडली. त्याची हळहळ आजही आहे.

म्हणून निकालानंतर महिनाभर मोठा निर्णय घेऊ नका. सोडायचाही नाही आणि चालू ठेवायचाही नाही. महिन्याने आपली गुणपत्रिका घेऊन बसा. फक्त आपली. कुठल्या पेपरात किती गेले, ते भरून निघण्यासारखे आहेत का, पैसे किती उरलेत, वय किती आहे. आता तर परीक्षाच बदलली आहे. २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली, नऊ पेपर, १७५० गुण, त्यावर मुलाखत २७५ ची. ज्यांनी अनेक वर्षं बहुपर्यायी प्रश्नांची तयारी केली त्यांना आता लिहिण्याचा सराव मुळापासून करावा लागणार. ‘तिची निघाली तर माझीही निघेल’ हे गणित इथे चालत नाही, कारण तिने दिलेली परीक्षा आता राहिलेलीच नाही. उलट काही जणींचं लिखाण इतकं चांगलं असतं की त्यांच्यासाठी हीच संधी आहे. तुम्ही कुठल्या बाजूला आहात हे तुमच्या उत्तरपत्रिकेवरूनच ठरेल.

एकदा उलटं झालं. ती नापास झाली आणि मला मनातून बरं वाटलं. त्याची फार लाज वाटते.

हे कबूल करणाऱ्या मुली कमी असतात आणि मला त्यांच्याबद्दल आदर वाटतो. जपानमधल्या संशोधकांनी २००९ मध्ये मेंदूची चित्रं घेऊन हेच तपासलं होतं. हेवा वाटत असताना मेंदूत वेदनेशी संबंधित भाग जागा होतो, आणि ज्याचा हेवा वाटतो त्याचं काही बिघडलं की सुखाशी संबंधित भाग. म्हणजे दुखत होतं ते क्षणभर थांबलं, एवढाच त्या ‘बरं वाटण्या’चा अर्थ. त्यानंतर तुम्ही काय केलंत ते महत्त्वाचं. तिच्यासाठी चहा घेऊन गेलात? शेजारी बसलात? मग झालं तर.

माझी पोस्ट निघाली आणि माझी जिवलग मैत्रीण बोलतच नाही. मी काय करू?

तिला वेळ द्या आणि दार उघडं ठेवा. आठवड्याने एखादा साधा मेसेज, ज्यात परीक्षेचा विषय नाही. ‘काकूंनी आज ठेचा केला होता, तुझी आठवण आली.’ उत्तर आलं नाही तर पुन्हा दोन आठवड्यांनी.

काही गोष्टी टाळा. ‘पुढच्या वेळी तुझी नक्की निघणार’ असं म्हणू नका, ते तुमच्या हातात नाही हे तिला माहीत आहे. तिच्या चुका दाखवू नका. आपलं यश लहान करूनही सांगू नका, ‘अगं, नुसतं नशीब गं माझं’ हे ऐकून तिला बरं वाटत नाही, कारण मग तिच्या अपयशाचा अर्थ काय लावायचा? तिला तुमच्या चांगल्या बातमीतून वगळूही नका. साखरपुड्याचं, रुजू होण्याचं तिला दुसऱ्याकडून कळलं तर ते जास्त लागेल. बौद्ध परंपरेत मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा (इथे अर्थ समभाव) अशा चार भावना जोपासायला सांगितल्या आहेत. मुदिता म्हणजे दुसऱ्याच्या सुखात सुख. जोपासायला सांगितलंय, म्हणजेच ती आपोआप येत नाही, हे मला त्यातलं फार आश्वासक वाटतं. तिला ती यायला वेळ लागतोय, एवढंच.

हे किती दिवस टिकतं? मदत कधी घ्यावी?

पहिला आठवडा वाईट, महिन्याभरात धार कमी होते. पण जेवण तुटलं, झोप उडाली, आंघोळ करून खोलीबाहेर पडणंही नको झालं आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं, तर तो आता हेव्याचा प्रश्न राहिलेला नाही. डॉक्टरांकडे जा. जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील तर एक दिवसही थांबू नका. सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा आहे, क्रमांक १४४१६, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं. आणि रूम पार्टनरच्या बाबतीत असं काही जाणवलं तर तिला एकटीला सोडू नका, घरी कळवा. ‘तिला राग येईल’ हा विचार नंतर.

ताई, तुमचं आणि त्या मैत्रिणीचं पुढे काय झालं?

पेढ्याच्या रात्रीनंतर अकराव्या दिवशी मी तिच्या गावी गेले. तिने दार उघडलं आणि म्हणाली, ‘मला वाटलं तू आता येणारच नाहीस.’ मी म्हटलं, ‘मलाही तसंच वाटलं होतं.’ आम्ही मागच्या ओट्यावर बराच वेळ नुसत्या बसलो. निघताना तिने तिच्या सगळ्या वह्या एका पोत्यात भरून मला दिल्या. त्या आज माझ्या अभ्यासिकेच्या कपाटात आहेत, मुली वापरतात.

ती आता विदर्भात आहे. मागच्या वर्षी तिला बढती मिळाली. बातमी वाचली तेव्हा टोचलं, खोटं कशाला सांगू. मी उठून अभ्यासिकेतल्या कुंड्यांना पाणी घातलं आणि तिला फोन लावला. तिच्या मुलाला ताप होता, ती दवाखान्यात होती. ‘संध्याकाळी करते गं,’ म्हणाली. संध्याकाळी तिचा फोन आला, तोवर ताप उतरला होता.